गिटार बोलते कुठून?

गिटारचा आवाज कुठून येतो, असं कुणालाही विचारा. दहातले नऊ जण तिच्या पोटावरच्या गोल भोकाकडे बोट दाखवतील. उरलेला एक जण तारेकडे दाखवील. दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. आणि समोर इलेक्ट्रिक गिटार धरली, तर पहिलं उत्तर तर निकालातच निघतं. तिला बहुधा भोक नसतं, पोटही नसतं, आणि वीज बंद असेल तर ती शेजारच्या खोलीत ऐकू जात नाही. तरी हीच गिटार वीज मिळाली की मैदान हलवून सोडते. नाव एक, तारा सहाच, बोटं ठेवायची जागाही तीच. पण या दोन वाद्यांच्या आवाजाची जात वेगळी आहे. ती वेगळी कशी झाली, ही सुमारे दीडशे वर्षांची गोष्ट आहे. तीच आज सांगायची आहे.

आधी तार. ताणलेली तार छेडली की ती कंप पावते. गिटारच्या नेहमीच्या जुळणीत सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा आणि सर्वांत बारीक तार सुमारे ३३० वेळा हलते. तार आखूड केली, जास्त ताणली किंवा बारीक घेतली, की स्वर चढतो. मारें मेर्सेन या फ्रेंच विद्वान धर्मगुरूनं १६३६ साली हे नियम गणितात मांडून ठेवले. म्हणजे स्वर कोणता लागणार, हे तार ठरवते. पण तो स्वर ऐकू जाणं ही निराळी बाब. तार एकटी जवळजवळ मुकी असते. उन्हाळ्यात पंख्याऐवजी एखादी काडी हलवून बघा, वारा लागत नाही. हवा काडीच्या दोन्ही बाजूंनी निसटून जाते. तारेचंही तसंच. ती हवेला कापत जाते, ढकलत नाही. ढकलायला रुंद पृष्ठभाग लागतो. एकतारीचा भोपळा काढून टाकला तर काय ऐकू येईल याची कल्पना करा, म्हणजे मुद्दा ध्यानात येईल.

गिटारमध्ये पंख्याचं काम तबली करते. सतार-तंबोऱ्याच्या कारागिरांचे शब्द इथे नेमके लागू पडतात, म्हणून तेच वापरतो. तार घोडीवरून गेलेली असते आणि घोडी तबलीवर चिकटवलेली असते. तार घोडीला हलवते, घोडी तबलीला, आणि तबली खोलीतल्या हवेला. ही तबली पाइन-देवदाराच्या कुळातल्या स्प्रूस नावाच्या झाडाच्या लाकडाची असते आणि जाडी असते जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. खरा पेच इथेच आहे. तबली पातळ असेल तर मोकळेपणानं हलते, म्हणजे बोलते. पण सहा तारा तिला सतत ओढत असतात. पोलादी तारांच्या गिटारवर हा एकूण ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातो, म्हणजे एका भरल्या अंगाच्या माणसाचं वजन. तबली जाड केली तर ती मुकी होते, पातळ केली तर फुगते नाहीतर फाटते. गिटार घडवणाऱ्याचं निम्मं कसब या पेचातून वाट काढण्यात असतं.

ही वाट उत्तम प्रकारे काढली ती स्पेनच्या आल्मेरिया प्रांतातल्या एका सुतारानं. त्याचं नाव आंतोनिओ दे तोरेस. जन्म १८१७ चा, मृत्यू १८९२ चा. तोरेसनं गिटारचं अंग मोठं केलं, तबली पातळ ठेवली आणि तिच्या आतल्या बाजूनं पंख्याच्या काड्यांसारख्या पसरत जाणाऱ्या सात बारीक पट्ट्या चिकटवल्या. असल्या पट्ट्या त्याच्या आधीही कारागीर लावत असत; पण त्यांची मांडणी इतकी नेमकी कुणी केली नव्हती. या पट्ट्यांनी ताण पेलला आणि तबलीला हलायची मुभाही ठेवली. फ्रान्सिस्को तारेगासारखा थोर वादक तोरेसच्या गिटारी वाजवत असे. आज शास्त्रीय गिटार म्हणून जी ओळखली जाते, तिचा नमुना मुख्यतः तोरेसचाच.

याच तोरेसनं १८६२ साली एक विलक्षण गिटार केली. वरची तबली नेहमीप्रमाणे लाकडाची. पण पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या! आवाज प्रामुख्यानं तबली देते, बाकीच्या अंगाचा वाटा त्या मानानं कमी असतो, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. ही गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात जपून ठेवली आहे. आजच्या प्रयोगशाळेत जे उपकरणं लावून मोजतात, ते एका सुतारानं पुठ्ठा आणि सरस यांच्या मदतीनं सिद्ध करून दाखवलं, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

मग त्या गोल भोकाचं काय? ते अगदीच शोभेचं नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ‘हूं’ असा आवाज येतो. बाटलीतली हवा स्प्रिंगसारखी मागेपुढे होते, त्याचा तो आवाज. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात या अनुनादाचा कसून अभ्यास केला. गिटारचं पोट ही अशीच एक मोठी बाटली. तिच्यातली हवा साधारण सेकंदाला शंभर कंपनांच्या आसपास सर्वांत जास्त जोमानं डोलते. म्हणून खर्जातले स्वर भरदार लागतात. भोकाकडे बोट दाखवणारे नऊ जण, तेव्हा, खर्जापुरते बरोबर आहेत. वरच्या स्वरांचं श्रेय मात्र तबलीकडेच जातं.

आता एक महत्त्वाची गोष्ट, जिच्यावर पुढचा सगळा इतिहास उभा आहे. तबली आवाज ‘वाढवते’ असं आपण सहज म्हणतो. पण ती स्वतःची शक्ती त्यात घालत नाही. व्हायोलिनवादक गजानं तारेला सतत शक्ती पुरवत राहतो. सनईवाला फुंकत राहतो. गिटारवादक एकदा छेडतो आणि सोडून देतो. त्या क्षणी तारेत जेवढी ऊर्जा साठली, तेवढंच भांडवल. ते पगारासारखं असतं: चार दिवसांत उधळा, नाहीतर महिनाभर पुरवा, रक्कम तीच. तबली तारेकडून झपाट्यानं ऊर्जा घेऊ लागली तर आवाज मोठा येतो, पण लवकर विरतो. हळूहळू घेतली तर स्वर लांबतो, पण बारीक राहतो. बँजोला तबलीऐवजी कातडं असतं. तो खणखणीत वाजतो आणि लगेच गप्प होतो, त्याचं कारण हेच. मोठा आवाज आणि लांब आवाज, दोन्ही एकदम मिळत नाहीत. गिटारच्या कारागिरांनी पुढे जे जे केलं, त्या सगळ्याला ही मर्यादा बांधून होती.

दिवाणखान्यात याची अडचण नव्हती. अडचण झाली अमेरिकेत. १८३३ साली सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्शन गावाहून क्रिस्टिअन फ्रेडरिक मार्टिन नावाचा कारागीर न्यूयॉर्कला आला आणि काही वर्षांनी पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला स्थायिक झाला. त्याच्या कारखान्यात तबलीखाली फुलीच्या आकाराच्या पट्ट्या बसू लागल्या. तेव्हा गिटारला तातेच्या, म्हणजे आतड्याच्या, तारा असत. पण पुढे विसाव्या शतकात पोलादी तारांची मागणी आली, तेव्हा त्यांचा वाढीव ताण पेलायला ही फुलीच कामी आली. १९१६ साली मार्टिन कंपनीनं एका दुकानदार कंपनीसाठी अवाढव्य पोटाची गिटार बनवली. तिला नाव मिळालं ‘ड्रेडनॉट’, त्या काळच्या धिप्पाड ब्रिटिश युद्धनौकेवरून. आज आपल्याकडे कॉलेजची मुलं पाठीला अडकवून हिंडतात ती गिटार बहुतेक वेळा याच ठेवणीची असते.

एवढं करूनही भागेना. १९२०च्या दशकात अमेरिकेत नाचाच्या मोठ्या दालनांचं पेव फुटलं. ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, ढोल अशा ताफ्यात गिटारवाला बसे तो फक्त ताल धरायला. त्याचे स्वर कुणाला ऐकूच जात नसत. अनेक ताफ्यांत त्याची खुर्ची बँजोवाल्याकडे गेली. हा प्रश्न पोटापाण्याचा होता. जे वाद्य ऐकू जात नाही, ते वाजवणाऱ्याला पगार कोण देणार? मग कॅलामाझू गावच्या गिब्सन कंपनीनं व्हायोलिनसारखी कमानदार तबली आणि इंग्रजी ‘एफ’ अक्षराच्या वळणाची भोकं असलेली गिटार काढली. १९२७ साली लॉस एंजेलिसमध्ये जॉन डोपेरा या कारागिरानं तबली बाजूला सारून गिटारच्या पोटात ॲल्युमिनियमचे तीन पातळ शंकू बसवले. आवाज खरोखरच मोठा झाला. पण तो धातूचा आवाज होता. आणि भांडवल अजूनही एका छेडण्यापुरतंच होतं.

डोपेराकडे मोठ्या आवाजाच्या गिटारची मागणी घेऊन गेलेला वादक होता जॉर्ज बीचम. तो हवाईयन गिटार वाजवत असे, आणि इथे थोडं हवाई बेटांकडे वळायला हवं. एकोणिसाव्या शतकात गुरं राखणाऱ्या मेक्सिकन घोडेस्वारांबरोबर गिटार या बेटांवर पोचली. शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या तरुणानं गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवरून पोलादाचा तुकडा सरकवत वाजवायची रीत रूढ केली. स्वर तुटक न येता एकातून दुसऱ्यात वाहू लागला. आपल्या भाषेत सांगायचं तर गिटारला मींड सापडली. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हे संगीत गाजलं आणि अमेरिकाभर हवाईयन गिटारचं वेड पसरलं. या गिटारवर साथीपेक्षा गाण्याची धून वाजवायची असते. म्हणून आपला स्वर ताफ्यात बुडून जातो, याचं दुःख हवाईयन वादकाला सर्वांत जास्त होतं.

बीचमनं ठरवलं, लाकूड आणि धातूचा नाद सोडून द्यायचा. ग्रामोफोनची पिन खाचेतलं कंपन विजेत बदलते. मग तारेचं कंपन का बदलू नये? त्यानं घोड्याच्या नालेसारखे दोन चुंबक घेतले, ते तारांच्या भोवती बसवले आणि तारांच्या खाली तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी ठेवली. १९३१ साली त्याचा नमुना तयार झाला. पोट नाही, भोक नाही. एक छोटी वाटोळी चकती आणि लांब दांडी. ते ध्यान इतकं तव्यासारखं दिसे की त्याला ‘फ्राइंग पॅन’ हेच नाव चिकटलं. अडॉल्फ रिकनबॅकर या धातुकामाच्या कारखानदाराबरोबर भागीदारी करून १९३२ पासून ही गिटार ॲल्युमिनियमच्या अंगानं बाजारात आली. पेटंटचा अर्ज १९३४ साली गेला. हे वाद्य म्हणायचं की विजेचं उपकरण, असा प्रश्न पेटंट कार्यालयाला पडला. अखेर १० ऑगस्ट १९३७ रोजी मंजुरी मिळाली, तोवर इतर कंपन्यांनी आपापल्या इलेक्ट्रिक गिटारी विकायला सुरुवात केलेली होती.

यामागचं शास्त्र मायकेल फॅरडेनं १८३१ सालीच सांगून ठेवलेलं होतं. मी बरीच वर्षं महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. तांब्याच्या गुंडाळीत चुंबक सारला की मीटरचा काटा हलतो, चुंबक थांबला की काटा शून्यावर येतो, हा प्रयोग दरवर्षी होई. ‘सर, याचा उपयोग काय?’ असं कुणी विचारलं की मी विद्युतनिर्मिती केंद्राचं उदाहरण देत असे आणि वर्ग जांभया देई. मग मी गिटारचं उदाहरण देऊ लागलो आणि जांभया थांबल्या. गिटारमध्ये चुंबक हलत नाही, तार हलते. चुंबकाजवळची पोलादी तार स्वतःच किंचित चुंबकित होते. ती सेकंदाला ११० वेळा हलली की गुंडाळीतलं चुंबकीय क्षेत्र ११० वेळा कमी-जास्त होतं आणि गुंडाळीत तेवढ्याच लयीची क्षीण वीज उमटते. केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात, तेव्हा कुठे ही वीज व्होल्टच्या काही शतांश-दशांश भागापर्यंत पोचते. या यंत्रणेला म्हणतात पिकअप.

पिकअपची एक खुबी ध्यानात घ्या. ती हवेतला आवाज ऐकत नाही, तारेची हालचाल पाहते. तिच्याजवळ तोंड नेऊन गा, तिला जवळपास काही कळत नाही. नायलॉनची तार लावा, ती गप्प. पोलाद किंवा लोखंड-निकेलची तार हवी. म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या आत आवाज असा नसतोच. असतो तो तारेच्या हालचालीचा विजेनं लिहिलेला तपशील. आवाज जन्मतो पुढे, कर्ण्यात.

आणि तो जन्मायला ज्या वस्तू लागल्या, त्या सगळ्या रेडिओच्या घरच्या. ली द फॉरेस्टनं १९०६ साली तीन टोकांचा व्हॉल्व्ह शोधला. व्हॉल्व्ह म्हणजे झडप, आणि नाव अगदी यथार्थ आहे. धरणाच्या दरवाजाचं चाक एक माणूस फिरवतो. कालव्यातून जोरानं धावतं ते पाणी त्याचं नसतं, धरणाचं असतं. गिटारची क्षीण वीज चाक फिरवते, भिंतीतल्या खटक्यातून येणारी वीज कालव्यासारखी वाहते. १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी आजच्या धाटणीचा कर्णा तयार केला. रेडिओच्या वाढत्या मागणीमुळे हे सगळं स्वस्त झालं. आपल्या मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी रेडिओ केंद्र सुरू झालं, ते याच लाटेवर. माझा आवाज आपल्यापर्यंत ज्या वाटेनं येतो, त्याच वाटेनं गिटारचा आवाज मोठा झाला. म्हणून मी इलेक्ट्रिक गिटारला रेडिओचं धाकटं भावंड म्हणतो.

यानं पगाराचं जुनं गणितच मोडलं. आता मोठ्या आवाजासाठी तारेला आपली ऊर्जा खर्चावी लागत नव्हती. तिनं फक्त हुकूम द्यायचा. मेहनत वीज करणार. मोठा आवाज आणि लांब आवाज दोन्ही एकत्र मिळणं प्रथमच शक्य झालं.

पहिली खपाऊ इलेक्ट्रिक गिटार हवाईयन होती, आणि भारतात गिटारनं मूळ धरलं तेही मुख्यतः या रूपात, हा योगायोग नव्हे. हवाईच्या परंपरेतले वादक ताउ मो १९४०च्या दशकात कलकत्त्यात राहिले. मींडेवर वाढलेल्या आपल्या कानांना सरकत्या स्वरांची गिटार आपली वाटली. व्हॅन शिप्ली, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या गिटारवरच्या चित्रपटगीतांच्या धुना एका पिढीनं रेडिओवर आणि रेकॉर्डवर ऐकल्या आहेत. ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर रागसंगीत मांडलं. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीला त्यांचीच गिटार आहे. विश्वमोहन भट यांना १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला तोही अशाच सरकत्या गिटारसाठी.

अमेरिकेत गिब्सन कंपनीनं १९३६ साली उभी धरून वाजवायची इलेक्ट्रिक गिटार काढली. ती ओक्लाहोमा सिटीत वाढलेल्या चार्ली ख्रिश्चन या कृष्णवर्णीय तरुणाच्या हाती लागली. १९३९ साली तो बेनी गुडमनच्या प्रसिद्ध ताफ्यात दाखल झाला. ताल धरणारी गिटार आता सॅक्सोफोनसारखी एकेक स्वर घेत, लांब तान घेत पुढे आली, आणि ती शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. क्षयानं मार्च १९४२ मध्ये तो गेला तेव्हा अवघा पंचवीस वर्षांचा होता. त्याला जेमतेम अडीच वर्षं मिळाली. पण ताफ्यातली गिटारवाल्याची खुर्ची मागून पुढे आली ती कायमची.

या गिटारींना अजून जुनं पोट होतं, आणि तेच आता गळ्यात येऊ लागलं. गणपतीच्या मंडपात माईक कर्ण्यासमोर गेला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते, ती आपल्या परिचयाची आहे. इथे तेच झालं. कर्ण्यातला आवाज पातळ तबलीला हलवी, तबली तारांना हलवी, तारा पुन्हा पिकअपला वीज देत, आणि चक्र फिरत जाऊन गिटार ओरडू लागे. शिवाय आता तबलीनं हलण्याची गरजच उरली नव्हती. तबली हलली की तारेची ऊर्जा फुकट जाते. लेस पॉल या वादकानं १९४०च्या सुमारास पाइनचा चार इंच रुंद, चार इंच जाड असा भरीव ओंडका घेतला, त्यावर तारा आणि पिकअप बसवले. पाहणाऱ्यांना गिटार वाटावी म्हणून दोन बाजूंना एका जुन्या गिटारचे अर्धे तुकडे डकवले. गिब्सन कंपनीनं ही कल्पना तेव्हा स्वीकारली नाही. पुढे १९५२ साली त्याच कंपनीनं लेस पॉलच्या नावानं भरीव गिटार बाजारात आणली.

तोवर दुसऱ्यानं बाजी मारली होती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा माणूस रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवी. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. कदाचित म्हणूनच त्याच्या मनात जुन्या घडणीविषयी भक्तिभाव नव्हता. १९५० साली त्यानं बाजारात आणलेली भरीव गिटार म्हणजे एक फळी, तिला चार स्क्रूंनी जोडलेली दांडी आणि पिकअप. पुढच्या वर्षी तिला ‘टेलिकास्टर’ हे नाव मिळालं. १९५४ साली आली ‘स्ट्रॅटोकास्टर’. एखादा भाग बिघडला तर स्क्रू काढा, नवा बसवा. ही वाद्य घडवणाऱ्याची दृष्टी नाही, रेडिओ मेकॅनिकची आहे. तोरेसनं सिद्ध केलं होतं की पाठ आणि बाजू दुय्यम आहेत. ऐंशी-नव्वद वर्षांनी फेंडरनं तबलीही काढून टाकली.

नवं यंत्र आपले रोगही घेऊन आलं. गुंडाळीला तारेबरोबर घरातल्या विजेचंही क्षेत्र जाणवतं आणि कर्ण्यातून सतत गुणगुण येत राहते. १९५५ साली गिब्सनच्या सेथ लव्हर या अभियंत्यानं दोन गुंडाळ्या शेजारी बसवल्या. वेढे एकमेकींच्या उलट, चुंबकांची टोकंही उलट. तारेचे दोन्ही संकेत एकमेकांत मिळतात. बाहेरची गुणगुण मात्र उलट-सुलट येऊन स्वतःलाच खोडून टाकते. इतका साधा आणि इतका सुंदर उपाय विद्यार्थ्यांना समजावून सांगताना मला दरवेळी आनंद होई.

काही रोग मात्र बरे करावेत असं वादकांना वाटेना. व्हॉल्व्हला झेपेल त्याहून मोठा संकेत दिला की लाटेचा माथा कापला जातो, मूळ स्वरात नसलेले वरचे उपस्वर तयार होतात आणि आवाज खरखरीत, चिरका होतो. अभियंत्याच्या वहीत याची नोंद दोष म्हणून होते. १९५१ साली मेंफिसमध्ये एका ध्वनिमुद्रणात मोडक्या कर्ण्यात कागद कोंबून काम भागवलं आणि तो चिरका आवाज लोकांना आवडला. लिंक रे या वादकानं १९५८ साली कर्ण्याच्या कागदी पडद्याला मुद्दाम भोकं पाडली. १९६४ साली इंग्लंडमध्ये डेव्ह डेव्हिस यानं तो ब्लेडनं चिरला. आणि ती शिट्टी, जिच्या भयानं गिटारचं पोट गेलं, ती जिमी हेंड्रिक्सनं हाती धरून वाजवली. १८ ऑगस्ट १९६९ रोजी वुडस्टॉकच्या महोत्सवात त्यानं अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं, ते या किंकाळ्यांसकट. व्हिएतनाम युद्धाच्या दिवसांत त्या किंकाळ्यांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. साध्या गिटारमधून हा आवाज निघूच शकला नसता.

यावरून वादही माजला, आणि तो अजून पुरता शमलेला नाही. खरी गिटार कोणती? २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि श्रोत्यांतल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली. लाकूड प्रामाणिक आणि वीज कृत्रिम, अशी त्यांची भावना होती. ती भावना मी समजू शकतो. पण आधीची लाकडी गिटारसुद्धा त्या मैदानावर माईक आणि कर्ण्यातूनच ऐकू जात होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आज तर साध्या गिटारच्याही घोडीत कित्येकदा दाबामुळे वीज देणाऱ्या स्फटिकाची पट्टी बसवलेली असते. दाबानं स्फटिकात वीज उमटते, हे प्येर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली शोधलं होतं. सभागृहात ऐकलेली लाकडाची गिटारही बहुधा विजेवरून आलेली असते. तेव्हा वीज आहे की नाही, हा खरा भेद नव्हे. तारेनं आपली ऊर्जा स्वतः खर्च करून बोलायचं, की ती राखून ठेवून फक्त हुकूम द्यायचा, हा खरा भेद. एकीचं सौंदर्य तिच्या विरून जाण्यात आहे, दुसरीचं तिच्या टिकून राहण्यात. दोन्हींची सुरुवात मात्र बोटापासूनच होते.

हे सगळं पडताळून पाहायचं असेल तर एक सोपा प्रयोग आहे. घरात किंवा ओळखीत कुणाकडे भरीव इलेक्ट्रिक गिटार असेल तर तिला वीज न जोडता एक तार छेडा. कीटकाच्या गुणगुणीएवढा आवाज येईल. आता तार पुन्हा छेडा आणि खुंट्यांकडचं टोक लाकडी टेबलावर किंवा कपाटाच्या दारावर हलकेच टेकवा. पॉलिश जपून. टेबल बोलू लागेल. आणि नीट कान दिलात तर आणखी एक गोष्ट कळेल: टेबलाला टेकलेला स्वर मोठा येतो, पण एरवीपेक्षा लवकर विरतो.